स्टीप: उडी मारल्यावर बोर्डवाला आपटतोच, आणि चौघांनी एकत्र कसं खेळायचं?

खानापूरकर: पीएस-४ (प्लेस्टेशन) वर स्टीप हा बर्फाच्या डोंगरावरचा गेम घेतलाय. स्नोबोर्डवर फिरकी पुरी होत नाही, झाली तर खाली येताना आपटतो. बेळगाव, निपाणीचे दोस्तही खेळतात. एकाच टीव्हीवर दोघांना जमतं काय ओ?

टिळकवाडी_गेमर: चूक उडीच्या आधी होतेय बघा. आर-टू (कंट्रोलरचं उजवं मागचं बटण) दाबून धरा, डावी स्टिक फिरकीच्या दिशेला ढकला आणि उंचवट्याच्या अगदी कडेवर आर-टू सोडा. लवकर सोडलं तर उंची मिळत नाही, मग फिरकी अर्धीच राहते. हवेत जमीन जवळ आली की स्टिक मोकळी सोडा. बोर्डचं टोक उताराच्या दिशेला आलं पाहिजे. आडवा टेकला की पडलाच. आणि सपाटीवर कधी उतरू नका! उतारावर धक्का वाटला जातो, सपाटीवर सगळा अंगावर येतो. जी-फोर्स (अंगावर येणारा धक्क्याचा जोर) वाढून बोर्डवाला आडवा होतो. एकट्यानं एकच उंचवटा धरून बसा. आधी नुसती उडी, मग १८० (अर्धी फिरकी), मग ३६० (पुरी). ग्रॅब (हवेत हातानं बोर्ड पकडणं) शेवटी, एल-टू (डावं मागचं बटण) नाहीतर आर-टूनं.

निपाणीकर: स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीचे दोन भाग करून खेळणं) नाही ओ. प्रत्येकाला आपला कन्सोल, आपली गेम. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ४ जण. पीसीवाला पीएसवाल्याला भेटत नाही, तेव्हा सगळ्यांनी कशावर खेळायचं हे घेण्याआधीच ठरवा. एकट्यानं खेळतानाही नेट लागतंच, तेव्हा लाईट जाणाऱ्या गावात राऊटरलाही यूपीएस जोडा की.

खानापूरकर: कडेवर सोडल्यावर ३६० बसली! आता ग्रॅब.