इस्त्रीचा शर्ट घातला म्हणजे माणूस दिखाऊ?

खामल्याचा मास्तर
काल इथे एका भावाने लिहिलं, 'पुरुषाने आरशासमोर दोन मिनिटांच्या वर उभं राहू नये. नागपूरच्या उन्हात इस्त्रीचा शर्ट घालून फिरणारा माणूस दिखाऊ. काम बघा, कपडे काय बघता?' खाली सगळ्यांनी वा वा केली. मला वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो.

२२ वर्षं शाळेत शिकवतोय. पालकसभेला बंगलेवाले बाप बर्मुडा घालून, स्लीपर फटफटवत येतात. आणि एक बाप यायचा, कळमन्याच्या मार्केटात हमाली करणारा. पांढरा सदरा, धुऊन धुऊन पातळ झालेला. सही करायला वाकला तेव्हा त्याची कॉलर मला जवळून दिसली. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून परत शिवली होती. जुन्या शिवणीची बारीक भोकं एका रांगेत दिसत होती. नखं कापलेली, दाढी त्याच सकाळची. पोरगा बाजूला ताठ उभा. 'सर, हे माझे बाबा,' असं त्यानेच पुढे होऊन सांगितलं. बाकीची पोरं बापाला दारातूनच घाई करत होती. या हमालाला दिखाऊ म्हणाल? मी वर्गात पोरांना नीट राहायला शिकवतो आणि तुम्ही मोठी माणसं त्यांना उलटं शिकवता.

वर्धा रोड
ती पोस्ट माझीच. मास्तर, हमालाची गोष्ट पटली, पण कपड्यांवरून माणसाचं माप काढणारेच जगात जास्त आहेत. पॉलिटेक्निक करून पहिल्या मुलाखतीला गेलो तो २०१३ चा मे. २३ तारखेला नागपुरात ४७.९ डिग्री झालं होतं, त्याच आठवड्यातली गोष्ट. सायकलने गेलो. शर्ट पाठीला चिकटलेला, बूट मोठ्या भावाचे, एक नंबर मोठे. साहेबाने माझी फाइल उघडायच्या आधी बूट पाहिले आणि बाजूच्याकडे बघून हसला. चार प्रश्न विचारले, 'कळवतो' म्हणाला. अजून कळवतोय. तेव्हापासून कोणी 'नीटनेटकं राहावं' म्हटलं की मला तो चेहरा दिसतो. आज मी साइटवर शंभर माणसं सांभाळतो. डोक्याला दुपट्टा, पँटला सिमेंट. काम कुठेच अडलं नाही.

सुईदोरा
भाऊ, शर्ट पाठीले चिकटला तो उन्हानं नाही, कापडानं. टेरीकॉट असन, म्हंजे सुतात पॉलिस्टर मिसळलेलं. ३० वर्ष झाले मी शिवून राहिलो, मले विचारा. सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही धरत. घाम जाईन कुठं? मे महिन्यात सुती घाला, लिनन परवडत असन तर लिनन, अन् थोडं ढिलं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. ती दंडावर उतरली का पाच हजाराचा शर्टही उसना आणल्यासारखा दिसते. कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका, नाही तर पहिल्याच धुण्यात बाही मनगटाच्या वर.

पण ऐकते कोण? १ जानेवारी १८७७ ले जमशेदजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल सुरू केली. अख्ख्या पिढ्या तिथल्या भोंग्यावर उठल्या. आता त्या जागेवर मॉल. पोट्टे रेडिमेड शर्ट घेऊन येतात, 'काका, फिट करून द्या.' खांदाच चुकला असन तर बगलेत दाबून काय होते? गांधीबागेत मीटरनं कापड आजही भेटते, पण माप द्यायले कोणाले वेळ नाही.

महालची सून
सकाळपासून इस्त्री इस्त्री वाचतेय. ती करतं कोण? आमच्या घरात सासरे, नवरा आणि दीर, रोज तीन शर्ट. मास्तर, त्या हमालाची कॉलर रात्री दिव्याखाली कोणी उलटवली असेल, हे तुमच्या मनात आलं का? तुम्ही पोराचं ताठ उभं राहणं पाहिलंत, बापाची नखं पाहिलीत. ती बाई तुमच्या गोष्टीत नाही.

आणि नटायचंच असेल तर माहिती करून घेऊन नटा. मागच्या लग्नसराईत दिराने मिशीला काळी मेहंदी लावली. दुसऱ्या दिवशी ओठ सुजले, डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, त्यात पीपीडी नावाचं रसायन असतं, आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायचं असतं. नुसत्या मेहंदीने केस लाल होतात, काळे होत नाहीत, हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. अंगावर स्प्रे मारणाऱ्यांनाही सांगते. ताज्या घामाला वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू त्यावर पोसतात तेव्हा तो येतो. आधी बगल साबणाने धुवा.

खामल्याचा मास्तर
ताई, कॉलरचं बरोबर आहे. मला सुचलं नाही, सुचायला हवं होतं.

इंदोऱ्याचा
'कपडे काय बघता' असं म्हणायला तुमचे कपडे आधी कोणी अडवलेले नसावे लागतात. आमच्या आज्याला कोरं धोतर नेसून गावातून जायची चोरी होती. वाड्यासमोर आला की पायातली वहाण काढून हातात. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायांना काय सांगितलं? वरच्या जातीच्या बायांसारखं लुगडं नेसा, ज्यावरून जात ओळखू येते ते कथलाचे आणि चांदीचे जाडजूड दागिने टाका, स्वच्छ राहा. कपड्याला ते किरकोळ समजत नव्हते. आमच्या घरात त्यांचा सूटमधलाच फोटो आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेली. ते आजही पेटीत घडी करून आहे, कोणी हात लावत नाही. हा दिखावा?

सेवाग्राम रोड
मग दुसरी बाजूही घ्या. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगावरचे कपडे कमी केले, कारण गरिबाला खादीचा पूर्ण पोशाख परवडत नव्हता. १९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषदेला गेले तेव्हा राजाला भेटायलाही तसेच गेले. मोठेपणाला सूट लागत नाही. सूट म्हणजे शेवटी साहेबाची नक्कलच.

इंदोऱ्याचा
नक्कल? १९३१ च्या त्याच गोलमेज परिषदेत बाबासाहेब सुटात बसले होते आणि आमचं म्हणणं मांडत होते. गांधीजी बॅरिस्टर होते, कोट-पँट त्यांनी वर्षानुवर्षं घातली. होती म्हणून उतरवता आली. आज्याने काय उतरवायचं होतं? त्याच्या अंगावर लोकांनी आधीच काही ठेवलं नव्हतं. तो शब्द मागे घ्या, नाही तर तुमच्याशी बोलायचं नाही.

सेवाग्राम रोड
ठीक आहे, 'नक्कल' मागे घेतो. बाकी म्हणणं सोडत नाही. गांधीजींचा पंचा स्वच्छ धुतलेला असायचा, त्यामुळे मळकं राहायला त्यांचं नाव कोणी पुढे करू नये. वर्धा रोड, हे तुम्हालाही.

वर्धा रोड
सगळे माझ्यावरच. मळकं राहा असं मी लिहिलेलंच नाही. आजीच्या लुगड्याचं वाचलं आणि 'दिखाऊ' हा शब्द चुकला हे कबूल करतो, त्या घरांसाठी तरी. पण माझ्या बुटांवर कोणी एक अक्षर बोललं नाही. मास्तर, तुमच्या शाळेत ज्या पोराकडे दुसरा शर्टच नाही त्याला तुम्ही काय सांगता?

खामल्याचा मास्तर
तो साहेब नीच वागला, हे आधीच लिहायला हवं होतं. शर्ट एकच असलेली पोरं माझ्याकडे आहेत. त्यांना मी सगळ्यांसमोर काहीच सांगत नाही. शाळेच्या कपाटात धुतलेले चार शर्ट ठेवलेत, मागच्या दाराने देतो. हवं तेवढं पुरत नाही.

सुईदोरा
मास्तर, मापं पाठवा. दुकानात ठोक कापडाचे तुकडे पडले आहेत, पोट्ट्यांचे हाफ शर्ट निघतीन. शिलाई नाही घेत. अन् वर्धा रोडवाले भाऊ, तुम्हीही या एकदा. सुती कापड दाखवतो, साइटवरही चालते.

वर्धा रोड
येतो रविवारी. पोरांच्या कापडाचे पैसे माझे. इस्त्रीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.