मदत हवी आहे : बनावट जर्नलकडून पेपर परत कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी जर्नल-पडताळणीची टिपणं काढतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी (मान्य शोधपत्रिकांची, म्हणजे जर्नलांची यादी) बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते.

जर्नलवर छापलेला आयएसएसएन म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे, नुसता नियतकालिकाचा ओळखक्रमांक. तो आयएसएसएन पोर्टलवर टाकून नाव, प्रकाशक, संकेतस्थळ जुळवायचं. नामांकित जर्नलची नकली साइट बहुधा इथेच उघडी पडते. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये असल्याचा जर्नलचा दावा स्कोपसच्याच यादीत तपासायचा, समावेश कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही पाहायचं.

अडतंय ते पुढे. एका विद्यार्थ्याचा पेपर अशाच बनावट जर्नलने चार दिवसांत स्वीकारला, परीक्षकाचा एकही शेरा नाही. कॉपीराइट फॉर्मवर सही झालीय, पैसे भरलेले नाहीत. माघार म्हटलं की ते दंड मागतात. न कळवता दुसरीकडे पाठवला तर एकच पेपर दोन ठिकाणी दिल्याचा ठपका. त्यांनी परस्पर छापला तर साहित्यचोरीच्या तपासणीत स्वतःचाच मजकूर सापडणार. विद्यार्थ्याची वर्षांची मेहनत अशी अडकून पडते, हे फार वाईट.

पैसे न भरता लेखी माघार कुणी मिळवली आहे का? पत्राचा मसुदा द्याल? उत्तरच आलं नाही, तर नव्या जर्नलच्या संपादकांना आधीच सगळं कळवावं का?