झाइफन : खेळण्यांच्या गावातले तुमचे अनुभव

जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या दक्षिणेला, चेक सीमेलगतच्या एर्त्सगेबिर्ग डोंगररांगेत झाइफन हे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. या डोंगरातील खाणप्रदेशाला २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. झाइफन मात्र ओळखले जाते ते लाकडी खेळण्यांसाठी. जे तिथे जाऊन आले आहेत त्यांनी स्थळांची यादी न देता, जवळून काय पाहिले आणि कुठे फजिती झाली, ते लिहावे. सुरुवात मीच करते.

तिथल्या खुल्या संग्रहालयात पाण्याच्या जोरावर चालणारे जुने कातकामाचे घर आहे. कारागिराने स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या ओल्या खोडाची जाड चकती लेथवर चढवली आणि पटाशीने तिच्यात खाचा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटले की एखादी ताटली घडते आहे. चकती उलटून दुसऱ्या बाजूनेही कातल्यावर वेडेवाकडे उंचवटे असलेले एक कडे हाती आले. त्यावर सुरी ठेवून त्याने हातोडीचा एकच ठोका दिला, पाचरीएवढा तुकडा सुटा झाला, आणि त्याच्या छेदात चार पायांवर गाय उभी होती! कातताना जनावर त्याला दिसतच नाही, ते सगळे डोक्यात ठेवून हात चालवावा लागतो. एका कड्यातून अशा डझनावारी गाई निघतात. मग त्यांना कोरून गोलाई आणायची, कान-शिंगे चिकटवायची आणि रंगवायचे.

● माझे बालपण सावंतवाडीतले, त्यामुळे लेथ आणि लाकडाचा भुसा मला नवा नव्हता. आमच्याकडचा कातारी जे कातायचा ते गोलच राहायचे, मग ती भिंगरी असो की लाखेने रंगवलेले आंबे-केळी. गोलाच्या छेदातून चौपाये जनावर काढण्याची युक्ती मी तिथेच प्रथम पाहिली. या युक्तीमागे पोटाची गरज होती. ओढ्याच्या वाळूतून कथिलाचे खनिज धुऊन काढण्याच्या कामावरूनच गावाला हे नाव पडले, पण खाणी हळूहळू आटत गेल्या आणि १८४९ साली खाणकाम थांबले. खाणकामगार आधीपासून जोडधंदा म्हणून लाकूड कातत होतेच, पुढे तोच मुख्य धंदा झाला. किमती ऐकून मी फक्त एक घोडा घेतला, हेही कबूल करतो.

● आम्ही डिसेंबरात, नाताळाआधीच्या एका रविवारी गेलो आणि गर्दीत चिरडलो. शक्य असल्यास मधल्या वारी जावे. अंधार पडल्यावर मात्र गर्दीचा राग निवळला. जवळपास प्रत्येक खिडकीत दिव्यांची कमान होती, आणि काही ठिकाणी मेणबत्त्या धरलेले लाकडी खाणकामगार व देवदूत उभे होते. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितके देवदूत, अशी जुनी रीत आहे. हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात खाणीत उतरणारा आणि रात्री बाहेर येणारा माणूस उजेडासाठी किती आसुसलेला असेल, हे ऐकून आमच्या सासूबाई खिडक्या मोजत चालू लागल्या, आणि त्या नादात ओल्बेर्नहाऊच्या स्टेशनाकडे जाणारी बस चुकली. पुढच्या बसची वाट आम्ही बर्फात उभे राहून पाहिली.

● मी उन्हाळ्यात गेलो, गर्दी अजिबात नव्हती. १७७९ साली पूर्ण झालेले अष्टकोनी चर्च शांतपणे पाहता आले. दुकानांतल्या असंख्य लाकडी देखाव्यांत तेच चर्च असल्यामुळे खरे चर्चच प्रतिकृतीसारखे वाटत होते. पुढे ७८९ मीटर उंचीच्या श्वार्टेनबर्गवर चढलो. १९८०च्या दशकात कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराने या रांगेच्या माथ्यावरची स्प्रूसची जंगले मोठ्या प्रमाणावर वाळली होती. आज हिरवे दिसणारे पुष्कळसे रान नंतर लावलेले आहे.

● अक्रोड फोडणारा लाल डगल्यातला दाढीवाला लाकडी शिपाई घ्यावा की नाही, असे कुणी विचारले तर घ्यावा. १८७०च्या सुमारास तो लेथवर प्रथम घडवला विल्हेल्म फ्युख्टनर या झाइफनच्याच कारागिराने. आमच्याकडच्या शिपायाने दुसऱ्याच दिवशी सुपारी फोडायचा प्रयत्न केला आणि त्याचा जबडा निखळला.