उन्हाळ्यात बिनपंख्याचा मिनी पीसी: घ्यावा की नाही?

मानवतकर
आमचं सेवा केंद्र जिनिंगच्या रस्त्यावर. हंगामात कापसाचे तंतू हवेत उडत असतात. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा सारखा गच्च व्हायचा, शेवटी घरघर करत बंदच पडला. म्हणून गेल्या वर्षी इंटेलच्या एन१०० चिपचा बिनपंख्याचा डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, घेतला. माझं मत ठाम आहे: आपल्याकडं पहिला बिघडतो तो पंखा, तो नसलेलाच बरा. इंटेलच्या कागदावर ही चिप ६ वॉटची, पण डब्याच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) विजेची मर्यादा बरीच वर ठेवलेली होती. ती मी ८ वॉटवर आणली. सातबारा, पीकविमा, प्रिंट, कशातच फरक जाणवला नाही.

नांदेडचा मेकॅनिक
नाही पटत, भाऊ. बिनपंख्याचा डबा खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतो. समजा ३० अंशांनी. जानेवारीत खोली २५, डबा ५५. मे महिन्यात पत्र्याखाली खोली ४३, म्हणजे डबा ७३! चिप १०५ पर्यंत तग धरते, पण आतली एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा भाग? साध्या एसएसडीची मर्यादा ७० अंशांच्या आसपासच असते. उन्हाळ्यात माझ्याकडं असे डबे येतात तेव्हा चिप शाबूत आणि एसएसडी गेलेली असते. पंखा बदलून मिळतो, लोकांचे कागद परत मिळत नाहीत.

लातूरकर
आम्ही डबा कूलरसमोरच ठेवतो. चालतं की.

नांदेडचा मेकॅनिक
ताई, थेट झोतात ठेवू नका. बोअरचं पाणी क्षाराचं, तुषार उडाले की पोर्टवर पांढरा थर धरतो. बाजूला ठेवा, खोली गार झाली तरी पुरे.

मानवतकर
एसएसडीचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. मी तिच्यावर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) लावून ती झाकणाला टेकवली आणि डबा भिंतीवर उभा बसवला. डब्यावरची उष्णता सोडणारी पाती उभी असली की गरम हवा आपोआप वर निघते, आडव्या डब्यात ती कोंडते. मे महिन्यात भर दुपारी एसएसडी ६४ दाखवत होती. पण आमच्यावर स्लॅब आहे, पत्रे नाहीत.

नांदेडचा मेकॅनिक
मग पत्रेवाल्यांनी निदान एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा डब्याच्या बाहेरून लावावा. तंतू अडकले तर फडक्यानं पुसता येतात, डबा उघडावा लागत नाही.

मानवतकर
बाहेरून असेल तर माझी हरकत नाही. तो बंद पडला तरी डबा चालू राहतो.