४० किलोमीटरच्या राइडला ‘बेस्ट कंडिशन’ कसं ठरवायचं?

कोरेगावकर_खोगीर

गेल्या जानेवारीत आमच्या भागात घोड्यांची ४० किलोमीटरची राइड, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, झाली. मी घोडे तपासणाऱ्या डॉक्टरांशेजारी बसून घोड्यांची कार्डं भरत होतो. बेस्ट कंडिशनचं, म्हणजे शर्यतीनंतर सगळ्यात चांगल्या अवस्थेतल्या घोड्याचं, बक्षीस पहिल्या आलेल्या घोड्यालाच गेलं, आणि ते काही केल्या मनातून जात नाही. पुढच्या वेळचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून विचारतो.

गुण एईआरसीच्या (अमेरिकेतल्या अशा राइड्सच्या संघटनेच्या) पद्धतीने दिले : डॉक्टरांचे ५००, वेळेचे २००, वजनाचे १००. पहिल्याच्या मागे जितकी मिनिटं, तितके गुण वजा. सगळ्यात जड स्वाराला वजनाचे पूर्ण १००, बाकीच्यांचा दर पौंडामागे अर्धा गुण कमी.

पहिला आलेला काठेवाडी घोडा, स्वार नि खोगीर मिळून ६८ किलो. चौथी एक भीमथडी घोडी. तिचा स्वार अंगाने दांडगा, खोगिरासकट ९२ किलो, आणि ५८ मिनिटं मागे. डॉक्टरांचे गुण घोड्याला ४३०, घोडीला ४६०. बेरीज केली तर घोडा ७०३.५, घोडी ७०२. दीड गुणाने गेलं!

तपासणीला १२५ फूट दुडकीवर नेऊन परत आणलं, आणि निघाल्यापासून मिनिटभराने पुन्हा हृदयाचे मिनिटाचे ठोके मोजले. घोडीचे आधी ५६, नंतरही ५६. घोड्याचे ६० वरून ६८. त्याला तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली, घासलंही होतं. तो लंगडत नव्हता, पास झाला ते रास्तच. पण त्या दोघांत जास्त चांगला तो, असं मी कसं मानू? घोडी तपासणी संपताच पाणी पिऊन कडब्याला लागली होती.

मला वाटतं गोची अंतरात आहे. १०० मैलांत घोडा हाणला असेल तर ते संध्याकाळपर्यंत अंगावर दिसतं. ४० किलोमीटरला सगळेच बऱ्या अवस्थेत येतात. आमच्या दहाही घोड्यांचे डॉक्टरांचे गुण ४१० ते ४६० मध्ये, म्हणजे फरक फार तर ५०. वेळेत मात्र ५८ गुण एकट्या घोडीचे गेले. मग घड्याळच बक्षीस देतं की! वेळेचे गुण काढून टाकावेत का?

मिरजेचा_स्वार

काढू नका भाऊ. लवकर येऊनही जो ताजा आहे त्याने जास्त काम केलंय, त्याचं मोल राहू द्या. नाहीतर लोक रमतगमत येतील आणि बक्षीस नेतील.

घड्याळ कुठे थांबवता ते सांगा. एईआरसीच्या लिमिटेड डिस्टन्समध्ये, म्हणजे २५ मैलांपासून (साधारण ४० किलोमीटर) ५० मैलांच्या आतल्या राइडमध्ये, रेषा ओलांडली म्हणून वेळ थांबत नाही. ठोके ६० वर आले की थांबते, आणि ते अर्ध्या तासात यावेच लागतात. तुम्ही गुणांचा तक्ता घेतला आणि हा नियम मागेच ठेवला की काय?

कोरेगावकर_खोगीर

मागेच राहिला. आम्ही रेषेवर थांबवलं. आत्ता कार्डं काढून बघितली : ६० वर यायला घोड्याला १४ मिनिटं, घोडीला ३. दुसरा घोडा २५ मिनिटांनी रेषेवर आला, म्हणजे पहिला नंबर काठेवाडीचाच राहतो. पण घोडीचं अंतर ५८ ऐवजी ४७ मिनिटं होतं. वेळेचे १५३, एकूण ७१३. साडेनऊ गुणांनी घोडी पुढे! सकाळपासून तीनदा बेरीज केली.

सांगली_पशुवैद्य

एवढ्याने भागणार नाही. घोडा कधी तपासला? पहिला आलेला ताडपत्रीच्या सावलीत तासभर उभा, आणि चौथ्याचं खोगीर उतरतंय तोच बोलावलं, असं झालं असेल तर तुमचे ४३० आणि ४६० एका मापाचे नाहीत. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या आगमनानंतर ठरावीक वेळीच घ्या, एकाच सपाट मुरमावर, एकाच डॉक्टरांकडून. नंबर डॉक्टरांना कळू देऊ नका.

दुडकीला कोण पळवतोय तेही बघा. दोरी आखडून धरणारा दमलेला माणूस असला की घोड्याची मान वाकडी होते आणि चांगल्या चालीचेही गुण जातात.

कॅलिफोर्नियात टेव्हिस ही १०० मैलांची राइड आहे. तिचा हॅगिन कप १९६४ पासून पहिल्या दहांतल्या उत्तम स्थितीच्या घोड्याला देतात, आणि ती तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होते. रात्रीत पायांना सूज येते, पाठ धरते, हे सगळं तेव्हा दिसतं. आपल्याकडे लोक संध्याकाळीच घोडे टेम्पोत चढवतात, तरी निदान दोन तास थांबवा.

कोरेगावकर_खोगीर

डॉक्टर, अगदी तसंच झालं होतं. घोडा सावलीत होता, घोडी उन्हातून थेट टेबलासमोर. म्हणजे तिला मिळालेले ४६० सुद्धा कमीच होते.

नियमात लिहितो : ठोके ६० ला घड्याळ बंद, आल्यानंतर बरोबर एका तासाने तपासणी, दोन तासांनी पुन्हा पाठ आणि पाय. वेळेचे २०० तूर्त तसेच ठेवतो.

घोडीवाला फलटणकडचा आहे. बक्षीस वाटपाला थांबला नव्हता, घोडीचे पाय धुऊन निघून गेला. रविवारी त्याच्याकडे जातोय, कार्ड घेऊन.