अमेरिकेत 'विक'मधून ब्रेस्ट पंप: तुमचे अनुभव लिहा

आमच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, विकमधून पंप (अंगावरचं दूध काढायचं मशीन) मिळतो का गं, आणि घेतला तर ग्रीन कार्डला काही होणार नाही ना? म्हणून हा धागा. ज्यांना मिळाला त्यांनी लिहा, ज्यांना नाही मिळाला त्यांनी तर नक्की लिहा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. विक (WIC) ही इथल्या कृषी खात्याची पोषणाची योजना, १९७२ मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि १९७५ ला कायमची झाली. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांपर्यंतची मुलं यांना खाण्यापिण्याचं रेशन मिळतं. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के, त्यामुळे आयटीवाले बहुतेक बसत नाहीत, पण स्टायपेंडवरचे पीएचडीवाले, एका पगारावर चार तोंडं असलेले आरामात बसतात. पोटातलं बाळसुद्धा कुटुंबात मोजतात हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, तेवढ्यावरून मर्यादेत येणारे लोक मी पाहिलेत. आता लिहा.

इंडियाना, नवरा पीएचडी करतोय
आमचं घोडं त्या ग्रीन कार्डपाशीच अडलं होतं. नवरा म्हणे सरकारी मदत नकोच, पुढे नडेल. शेवटी युनिव्हर्सिटीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला विक पब्लिक चार्जमध्ये (म्हणजे सरकारवर बोजा म्हणून ग्रीन कार्ड अडतं त्यात) धरत नाहीत. ऑफिसमध्येही व्हिसाचं कोणी काही विचारलं नाही, पासपोर्ट फक्त ओळखपत्र म्हणून बघितला. तिथे पोचल्यावर कळलं की पंप मागितला की दिला असं नसतं, आधी गरज बघतात. मी लॅबमध्ये परत जाणार होते, तसं पत्र नेलं आणि इलेक्ट्रिक पंप मिळाला, स्वतःचा, परत न करायचा. पण दूध नीट बसेपर्यंत थांबा, साधारण महिनाभर, असं सांगून तेव्हा नाही दिला, नंतर बोलावून दिला.

टेक्सास, बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) होतं
ज्यांचं बाळ लवकर आलंय त्यांनी मात्र महिनाभर वगैरे अजिबात थांबू नका!! माझी मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली, ती काचेच्या पेटीत आणि मी वरच्या मजल्यावर, आईचा व्हिसा झालेला नव्हता, आणि नर्स म्हणे पहिल्या काही तासांतच पंप सुरू कर, दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. हॉस्पिटलमधून घरी जायच्या आधीच तिथल्या लॅक्टेशनवालीने (पाजायला शिकवते ती) विकला फोन केला आणि हॉस्पिटल-ग्रेड पंप उसना मिळाला. हा मोठा असतो, एका आईकडून दुसऱ्या आईकडे जाणारा, बाजारात घ्यायचा तर फार महाग. कागदावर सही घेतात, मशीन परत करायचं, नळ्या-बाटल्यांचा सेट मात्र आपला.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे फ्लँजचा, छातीला लावायच्या नरसाळ्याचा, साइज. सेटमध्ये बहुतेक २४ मिमीचे येतात. मला ते मोठे होत होते, आजूबाजूची कातडी आत ओढली जायची, लाल व्हायचं, दूध जेमतेम तळ झाकेल इतकं आणि दुखणं असं की मशीनचा तो घुर्र-घुर्र आवाज आला तरी डोळ्यात पाणी. मला वाटायचं माझ्यातच दूध नाही. विकच्या पीअर काउन्सेलरने (पाजण्याबद्दल सल्ला देणारी आईच असते), ती मेक्सिकन होती, स्वतः तीन पोरांची आई, एक छोटी कागदी पट्टी काढून माप घेतलं आणि १९ चे दिले. त्याच संध्याकाळी फरक. माप घ्या बायांनो, आळीव-डिंकाचे लाडू नंतर.

न्यू जर्सी
मला नाही मिळाला. काउंटरवरची म्हणाली आमच्याकडे पंप नसतात, संपला विषय. नंतर समजलं की इन्शुरन्स असेल तर आधी तिकडूनच घ्यायला सांगतात, २०१० च्या आरोग्य कायद्यापासून बहुतेक प्लॅनना पंप द्यावाच लागतो. बरोबरच आहे, पण हे ती सांगू शकली असती की! डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर इन्शुरन्सचा आला. माझं मत, काउंटरवर विचारूच नका, थेट ब्रेस्टफीडिंगवाली कोण आहे तिचं नाव विचारा.

वरच्या ताईंना +१
आमच्याकडे कधीतरी लागणाऱ्यांना हातपंप देतात. छाती भरून दगड झाल्यावर तोच कामाला येतो, हसू नका.

कॅलिफोर्निया, दुकानात कॅश काउंटर सांभाळते
पंप मिळाला हो, पण काढायचं कुठे? मालक आपलाच देसी, म्हणे बाथरूम आहे ना. २०२२ च्या पंप अ‍ॅक्टप्रमाणे बाळ एक वर्षाचं होईपर्यंत ब्रेक आणि बाथरूम सोडून बंद जागा द्यावी लागते. विकमधूनच एक छापील पान मिळालं होतं ते काउंटरवर ठेवलं, काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पोत्यांमागे पडदा आणि खुर्ची. दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, मी डब्यावर तारीख लिहून पनीरच्या शेजारी ठेवते.

मुंबई, निवृत्त नर्स (सून तिकडे आहे)
मुलींनो, पंप येईपर्यंत हाताने काढा, वाटी-चमच्याने पाजा. सायनला १९८९ पासून दूध बँक आहे, तिथे कितीतरी बायकांना हाताने काढायला शिकवलेलं बघितलंय. हात धुवा, गरम फडक्याने शेका, घाई करू नका. आणि सुनेला रात्री एकटीला उठवू नका, बाटल्या नवऱ्याने धुवाव्यात.

टेक्सास
काकू, हे शेवटचं नवऱ्याला फॉरवर्ड केलंय 😄 आणि हो, फॉर्म्युला (पावडरचं दूध) घेतला तर काय होतं, असं ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं. पूर्ण फॉर्म्युला लावून घेतला तर आईचं स्वतःचं रेशन सहा महिन्यांनी बंद होतं, अंगावर पाजत असाल तर वर्षभर मिळतं. दोन्ही थोडं थोडं चालू असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्याचं वेगळं पॅकेज असतं. उसना पंप परत करताना नळी वगैरे काढून मशीन पुसून न्या, आणि जमा केल्याची पावती मागून घ्या.