कडेला ऑक्सिजन कमी का?

प्रश्न: एम १०१ दीर्घिकेत केंद्राजवळ ऑक्सिजन भरपूर आणि कडेला जवळपास दहापट कमी असं वाचलं, का बरं?

उत्तर: आत वायू दाट, तारे भराभर जन्मले, मोठे तारे काही कोटी वर्षांतच फुटून ऑक्सिजन वायूत मिसळतात आणि त्यातूनच पुढची पिढी. कडेला हे सगळं सावकाश चालतं, वर बाहेरून ताजा हायड्रोजन येत राहतो, ताकात पाणी ओतल्यासारखं.

उत्तर: लोखंड मात्र बरंचसं श्वेतबटूंच्या (लहान ताऱ्यांच्या विझलेल्या गाभ्यांच्या) स्फोटातून, उशिरा येतं. म्हणून ऑक्सिजन-लोखंडाचं गुणोत्तर बघा, तारे किती झपाट्याने बनले ते कळतं.

प्रश्नकर्ती: पण मोजतात कसं?

उत्तर: तेजोमेघांच्या, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगांच्या, वर्णपटावरून. गंमत म्हणजे ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची हिरवी रेषा कडेलाच जास्त ठळक, कारण ऑक्सिजन कमी तर वायू नीट थंड होत नाही, आणि तापलेल्या वायूत ही रेषा जास्त उजळते! १९७१ला खगोलशास्त्रज्ञ लिओनार्ड सर्ल यांनी हेच ओळखलं.